पावडरचे पांढरे ठिपके

ये गं, कागदावर का होईना, माझ्याजवळ बस. फोनवर "मावशी, मला कुठं काय दुखतंय?" म्हणतेस आणि मोकळी होतेस. तुझ्या आईचंही हेच होतं. कवठ्याला कांदा काढणी चालू होती, काखेजवळ गाठ हाताला लागत होती, आणि बाई मला म्हणते, "आक्का, दुखत न्हाई म्हंजी काय न्हाई. एवढा कांदा निघू दे." कांदा निघाला, मग पाहुणे आले, मग कुणाचं तरी लग्न. गाठ कॅन्सरची निघाली तेव्हा ती चव्वेचाळीसची होती. दोन वर्षांत गेली. तुला काय सांगायचं, तिच्या उशाशी तूच होतीस.

तिच्या डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच मला बजावलं, "सख्ख्या बहिणी आहात, तुम्हीही छातीचा फोटो, मॅमोग्राफी म्हणतात ती, काढून घ्या. आणि हिच्या मुलीनं, आईची गाठ ज्या वयात निघाली त्याच्या दहा वर्षं आधीपासून तपासणी सुरू करायची. बाकीच्या बायकांनीही चाळिशी आली की डॉक्टरांना विचारावं." मी तेव्हा सत्तेचाळीसची. तरी वर्षभर टाळलं. शेवटी तुझे काका चिडले. "ट्रॅक्टर कवा म्हणतो का, मला दुखतंय म्हणून? तरी सर्व्हिसिंगला नेतोच का न्हाई?"

गेले बाई पुण्याला. भांडगावातून एसटी मिळाली ती उभ्यानंच. घामानं अंग चिकचिकलेलं. आपल्यात दवाखान्यात जायचं म्हणजे पाहुण्यांकडं जाण्यासारखंच, धुतलेलं लुगडं, पावडर, सगळं. स्टँडवर हातपाय धुतले आणि डॉक्टरबाईला वास नको म्हणून काखेत, छातीवर चांगली पावडर थापली. काय करावं, काय करू नये याचा कागद दवाखान्यानं आधीच दिला होता, पण सगळा इंग्रजीत. घडी घालून पिशवीत ठेवला होता.

आत फोटो काढणारी एक पोरगी होती. म्हणाली, "मावशी, वरचे कपडे काढून हा गाऊन घाला. पावडर, अत्तर काही लावलंय?" मी भिंतीकडं बघत म्हटलं, "न्हाई गं, आमच्यात कुठं असलं!" खोटं बोलले. का? तर या वयात नटून आली म्हणून हसेल.

मग मशीन. दोन पट्ट्यांच्या मधे छाती ठेवायची, वरची पट्टी खाली येते आणि भाकरीसारखी थापते. दुखतं, कशाला खोटं सांगू? पण श्वास रोखून सोडेपर्यंत संपतं. एकेका बाजूचे दोन फोटो, एक वरून, एक आडवा. बाईच काढते, बाप्या कुणी नसतो.

चार दिवसांनी शेजारच्या दुकानात फोन आला. फोटोत पांढरे ठिपके दिसतायत, पुढच्या आठवड्यात पुन्हा या. झालं! मी मनातल्या मनात दागिन्यांची वाटणीसुद्धा करून टाकली. त्या आठ दिवसांत तुझ्या काकांनी एकदाही आवाज चढवला नाही, तेव्हाच मी ओळखलं, आता आपलं काही खरं नाही.

पुन्हा तीच खोली, तीच पोरगी, तोच प्रश्न. मला रडूच फुटलं. सगळं सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला. "मावशी! पावडरचे कण फोटोत रोगाच्या ठिपक्यांसारखेच दिसतात. मी विचारलं होतं ना?"

"विचारलंस, पण का विचारतेस ते कुठं सांगितलंस?"

मग ओल्या फडक्यानं तिनंच माझं अंग पुसलं. नवे फोटो स्वच्छ आले.

अजून चीड येते बघ. माझी येते, त्या इंग्रजी कागदाची येते. आणि सगळ्यात जास्त आपल्या बायकांची. गावात मी ही गोष्ट कितीदा सांगितली. पोट धरून हसतात आणि म्हणतात, "तुमचं काय निघालं न्हाई ना? मग झालं तर!" एक जाईल तर शपथ.

आणि आता तू. पस्तिशी लागली तुला, म्हणजे डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं वय उलटून गेलं. पाळी येऊन गेली की पुढच्या आठवड्यात जावं, तेव्हा कमी दुखतं. पंजाबी ड्रेस घालावा, वरचं तेवढं काढता येतं. पुन्हा बोलावलं तर माझ्यासारखं मरायच्या आधीच मरू नये, बहुतेकींचं काही नसतं. एकदा करून भागत नाही, डॉक्टर सांगतील तेव्हा परत जायचं. आणि मधेच गाठ लागली, कातडी ओढल्यासारखी दिसली, तर तारखेची वाट बघायची नाही.

दुखत नाही हे तुझं कारण नाही, पोरी. आईसारखंच निघेल म्हणून तू घाबरतेस. मला कळत नाही का? पण निघालंच, तर तुझं लवकर निघेल. तिला ते मिळालं नाही.

एकटीनं जाऊ नकोस. या शनिवारी शिरूरहून न्हावऱ्यावरनं येणारी गाडी धर, चौफुल्याला उतर, काका घ्यायला येतील. दोन दिवस राहा, सोमवारी दोघी मिळून पुण्याला जाऊ. ये गं, वाट बघायला लावू नकोस.