लेकीची पत्रिका, लिनक्सवर

पुसदमध्ये लग्नपत्रिका करून देणारी दुकानं बरीच आहेत, पण माझ्या दुकानात आलेल्या माणसाला निम्मा मजकूर मीच सांगतो, एवढी माझी ख्याती आहे. कुणाच्या पत्रिकेवर गणपती येणार आणि कुणाच्या बुद्ध, मामा लोकांना कुठं बसवायचं, कोणत्या काकाचं नाव आधी घेतलं नाही तर तो मांडवात तोंड फुगवून बसेल, हे मला गिऱ्हाइकापेक्षा जास्त कळतं. हे सगळं मी विंडोजवर केलं. टाइपरायटर सोडला आणि विंडोज धरलं ते धरलंच. दुसरं काही असतं असं मला कुणी सांगितलेलंही आवडत नसे. बायको म्हणते, एवढं एकनिष्ठ राहायला मला फक्त कॉम्प्युटरच सापडला. ती गंमत करते असं मी धरून चालतो.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या मुलीचं लग्न ठरलं. एकुलती एक मुलगी, नागपूरला एका कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करते. लग्न ठरलं त्याच दिवशी मी पाहुण्यांसमोर जाहीर करून टाकलं की पत्रिका माझ्याच हातची असेल, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, आणि त्यात दुसऱ्या कुणाचं बोट लागणार नाही. अर्ध्या तालुक्याच्या लेकींच्या पत्रिका मी केल्या आणि स्वतःच्या लेकीची बाहेरून करून आणली, तर लोकांनी मला जोड्यानं मारलं पाहिजे. पाहुण्यांनी माना डोलावल्या. बायकोनं फक्त एक नजर टाकली, कारण कॉम्प्युटरची तब्येत तिला माहीत होती.

कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. सकाळी बटण दाबून मी दुकान झाडायचो, चहा प्यायचो, पेपर वाचायचो, तेव्हा कुठं तो डोळे उघडायचा. नवं विंडोज त्याच्यात बसत नव्हतं, आणि जुन्याचे दिवस भरल्याची सूचना पडद्यावर येऊन येऊन मला पाठ झाली होती. लग्नाच्या तोंडावर नवा घ्यायचं माझ्या मनात नव्हतं. मुलगी सुटी घेऊन घरी आली, तिनं माझा तो चहा-पेपरचा सोहळा पाहिला आणि म्हणाली, "बाबा, मशीन चांगलीच हाये. ह्याच्यात विंडोजच्या जागी लिनक्स टाकून पाहू ना."

"कायले? माह्यं विंडोज काय वाईट हाये?"

"वाईट कोण म्हणते? पण ह्या मशीनले ते आता झेपून नाही राह्यलं."

"मशीनचं जाऊ दे. मले झेपलं पाह्यजे ना!"

ती हसली आणि तिनं पर्समधून पेनड्राइव्ह काढला. म्हणाली, आधी ह्याच्यावरूनच चालवून पाहू, आतलं काहीच पुसल्या जात नाही, पसंत पडलं तर ठेवू. म्हणजे पाहुणा ओसरीवर बसेल, घरात येणार नाही. ओसरीपुरतं ठीक आहे म्हणून मी परवानगी दिली.

पाहुणा चटपटीत निघाला. बटण दाबून मी झाडू हातात घेतला तर मागे पडदा तयार होऊन उभा. मला जरा अपमान झाल्यासारखंच वाटलं. मग मी खुर्चीत बसलो, माउस धरला, आणि वर्षानुवर्षं जे करत आलो ते केलं. उजवं बटण दाबलं. यादी उघडली, पण त्यात 'रिफ्रेश' नव्हतं.

ज्यांनी माझ्यासारखं विंडोजवर आयुष्य काढलं त्यांना हे दुःख समजेल. काम सुरू करायच्या आधी दोन-चारदा रिफ्रेश मारायचं, काम संपलं की मारायचं, गिऱ्हाईक नाव आठवत बसलं की तेवढ्यात मारायचं. त्यानं काय होतं, मला आजही ठाऊक नाही. पण ज्यानं मला कॉम्प्युटर शिकवला तो मारायचा, म्हणून मीही मारायचो, आणि माझ्याकडून शिकून गेलेले सगळे पुसदभर मारत असतात. ते न करता काम सुरू करायचं म्हणजे हात न धुता ताटावर बसल्यासारखं वाटलं. मी मुलीला विचारलं, रिफ्रेश कुठं आहे? ती म्हणाली, "बाबा, ते कायले पाह्यजे? त्यानं काहीच होत नाही." मी म्हटलं, "तुले नाही समजणार." आणि रिकाम्या जागेवर उजवं बटण दाबून, यादी उघडून, तशीच बंद केली. तेवढ्यावर समाधान मानायला शिकलो.

बाकी मात्र पाहुण्यात खोड काढायला जागा नव्हती. माझा जुना प्रिंटर, ज्याची सीडी केव्हाच हरवली होती, तो लिनक्सनं न सांगता ओळखला. गाणी वाजली, पत्त्यांचा खेळ होता, मेल उघडला. ढाणकीहून आलेल्या एका गिऱ्हाइकाला मी ते मुद्दाम दाखवलं आणि जणू मीच ते बनवलं अशा थाटात समजावून सांगितलं. गिऱ्हाइकापुढं एकदा कौतुक केल्यावर माघार कशी घ्यायची? मीच मुलीला म्हणालो, "टाक पक्कं." तिनं गुरुवारी रात्री माझ्या सगळ्या फायली पेनड्राइव्हवर काढून घेतल्या, विंडोज पुसलं आणि पाहुण्याला घरात घेतलं.

प्रेसवाल्यानं सांगून ठेवलं होतं की शनिवारी सकाळी मजकूर हातात द्या, नंतर माझ्याकडं सीझनची गर्दी आहे, मग पत्रिका लग्न झाल्यावर वाटा. तेव्हा शुक्रवारी जेवण झाल्यावर कूलरमध्ये पाणी भरून, नवा शर्ट घालून मी लेकीची पत्रिका करायला बसलो. ती शेजारी खुर्ची घेऊन बसली. आमच्या घरच्या पद्धतीची एक जुनी पत्रिका, वर बुद्धाचं चित्र असलेली, मी उघडली.

पडद्यावर आली इंग्रजी अक्षरं. मधूनच कंस, टक्के, डॉलर, स्वल्पविराम. मी दुसरी पत्रिका उघडली, तिसरी उघडली. सगळ्या नवऱ्या-नवरदेवांचे कंस आणि डॉलर झाले होते.

"हे काय करून ठेवलं?" मी ओरडलो.

तीही घाबरली. तिनं बराच वेळ इकडंतिकडं पाहिलं आणि मग हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही इतके वर्षं मराठीत टाइप केलंच नाही."

मला वाटलं पोरगी उन्हानं भ्रमली. पण ती सांगत होती ते खरं होतं. आमच्या काळचे मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांना चढवलेली मराठी सोंगं. पडद्यावर क दिसायचा, पण आत कॉम्प्युटरच्या लेखी ते एबीसीडीतलंच एखादं अक्षर. ते सोंग चढवणारा प्रोग्राम विंडोजवरच चालायचा. त्याचं एक कुलूप होतं, बोटभर लांबीचं, कॉम्प्युटरच्या मागं खोचायचं; ते नसलं तर प्रोग्राम उघडायचाच नाही. मी ते काढलं, पुसलं, पुन्हा खोचलं. ते विकणारा माणूस केव्हाच धंदा बंद करून गेला होता. मुलीनं ह्या जातीचा फॉन्ट कधी पाहिलाच नव्हता, तिच्या पिढीला मराठी म्हणजे मराठीच. आणि मला वाटायचं, फाइल म्हणजे फाइल, कुठंही उघडेल. म्हणून पत्रिकेची फाइल उघडून पाहायचं दोघांनाही सुचलं नाही.

मी भडकलो. तालुक्यात एवढी लग्नं मी इंग्रजीत लावली का, असंही काहीतरी बोललो. बायको दुकानामागच्या घरातून आली, तिनं पडदा पाहिला, मला पाहिलं आणि सरळ म्हणाली, "आवो, समोरच्या दुकानात देऊन टाका. लगन महत्त्वाचं का तुमचं टाइपिंग?" समोरच्या दुकानातला मागच्या गिऱ्हाइकाची पत्रिका उघडतो आणि नावं बदलतो, आणि एखाद्या वेळी मागच्याचे मामा तसेच राहून जातात. त्याच्याकडं माझ्या लेकीची पत्रिका द्यायला मी साफ नकार दिला. मुलगी रडवेली झाली होती. म्हणाली, "मी परत विंडोज टाकून देतो बाबा, पण उद्या सकाळपर्यंत नाही होणार. तुमच्या त्या कुलपाचं तर सांगताच येत नाही." मग म्हणाली, "नाहीतर नवीनच टाइप करा ना. कोऱ्या पानावर. खऱ्या मराठीत."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की समोरचा जे करतो तेच मीही करत होतो. फक्त मी मामा बदलायला विसरत नव्हतो. पत्रिका सुरुवातीपासून टाइप करून मला युगं झाली होती.

तिनं शोधून शोधून टाइपरायटरसारखी कळांची जुनी मांडणी सुरू करून दिली. बोटं खूश झाली, पण थोडाच वेळ. बरीच अक्षरं आपापल्या जागी होती, काही मात्र घर बदलून गेली होती. अर्धा न मला कुठंच सापडेना. तिनं दाखवला, मी विसरलो, तिनं पुन्हा दाखवला. पहिली वेलांटी आधी द्यायची की नंतर, ह्यावरून आमचं जवळजवळ भांडण झालं. 'भवतु सब्ब मंगलं' लिहिताना दोन ब एकमेकांना धरून नीट उभे राहिले, तेव्हा आम्ही दोघंही टाळ्या पिटून हसलो. बायको पुन्हा आत डोकावली, ह्यावेळी लिंबूपाणी घेऊन.

मग गाडी लागली रुळावर. नवरदेवाकडच्या आजोबांचं नाव आलं, लग्नाचं स्थळ आलं, विनीत आले, स्वागताला उत्सुक असलेले आले. माझ्या मोठ्या भावाला पहिला नंबर दिला आणि मधल्याला मोठ्या अक्षरात घेतलं, म्हणजे दोघंही खूश. 'निमंत्रण', 'उपस्थिती', 'धन्यवाद', काही अडलं नाही. दिवस कलेपर्यंत अर्धा न मला झोपेतही सापडला असता. आतापर्यंत टाळलेली मधली ओळ तेवढी राहिली होती. टाळलेली हे मी आता म्हणतो. तेव्हा वाटलं की ती शेवटी घेऊ.

ती ओळ मी हजार वेळा पाहिलेली आहे. पण ती आधीपासून तिथं असायची. मी फक्त पुढचं नाव पुसून दुसरं टाकायचो, आणि कुणाची लेक कुठं चालली ह्याच्याशी माझा संबंध नसायचा. आज पान कोरं होतं. मी टाइप केलं, 'आमची'. जागा सोडली. क टाइप केला, आणि हात थांबला.

पुढच्या अक्षराची कळ कुठं आहे हे मला ठाऊक होतं. बोट तिच्यावरच होतं. ती दाबली की ही खरोखर जाणार, असं काहीतरी वेड्यासारखं मनात आलं आणि पडद्यावरची अक्षरं पाण्यात बुडाली. मी हललोच नाही. मला एवढं रडू येईल असं मला वाटलं नव्हतं.

"बाबा, अर्धा न इथं हाये ना," ती म्हणाली. तिला वाटलं मी पुन्हा विसरलो.

"हो ना वं," मी पडद्याकडं पाहतच म्हणालो, "हे तुह्यं लिनक्स मायी अक्षरं लपवून ठेवते."

ती हसली, माझ्या खांद्यावरून वाकली आणि माझं बोट बाजूला सारून तिनं तो शब्द पुरा केला. पत्रिका शनिवारी सकाळी प्रेसमध्ये गेली. सगळी माझ्या हातची आहे, 'कन्या' तेवढा तिनं टाइप केला.