वैशालीताईंचं टर्मिनल

आमचं कर्जतचं प्रिंटिंगचं दुकान बंद होऊन दोन वर्षं झाली, पण किस्से काही बंद होत नाहीत. मी आता खालापूरजवळ एका कंपनीत कंप्युटर सांभाळतो. मशीनं नवीकोरी, एसी थंडगार. पण काही अडलं की मान वर करून "ताई, बघा ना हो जरा" म्हणावं, तर समोर ताई नाहीत!

ताई म्हणजे वैशालीताई, आमच्या डीटीपी ऑपरेटर. लग्नाआधी मुंबईत युनिक्सवर, म्हणजे नुसत्या टाइप केलेल्या हुकमांवर चालणाऱ्या कंप्युटरवर, काम केलेल्या. दुकानात पत्रिका करायला अ‍ॅपलचा एक जुना कंप्युटर, मॅक, होता. एकदा तो अडला आणि ताईंनी त्यावर टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, उघडलं. चित्रं नाहीत, रंग नाहीत, नुसती अक्षरं. मालक यूसुफभाई घाबरले.

"अगं, गेला काय मॅक?"

"गेला नाय, भाई. वरती सजावट हाय, खाली युनिक्स हाय. मी खाली उतरलेय."

यूसुफभाईंनी वाकून टेबलाखाली बघितलं!

*

एक फाइल काही केल्या डिलीट होईना. मॅक म्हणे, परवानगी नाही. यूसुफभाई भडकले. "मालक मी! मला कोण परवानगी देणार?"

ताईंनी टर्मिनलमध्ये 'सुडो', म्हणजे 'मालकाचा हुकूम आहे', असं लिहून दिलं आणि म्हणाल्या, "आता पासवर्ड टाका."

टर्मिनलमध्ये पासवर्ड टाकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, साधा ठिपकासुद्धा नाही. यूसुफभाईंना वाटलं, कीबोर्ड मेला. मग ते एकेक अक्षर मोठ्याने म्हणत बटणं दाबायला लागले. दुकानात पाच गिऱ्हाइकं होती.

फाइल गेली. पासवर्ड मात्र अख्ख्या बाजारपेठेला पाठ झाला!

*

कळंबच्या एका रिसॉर्टचे नऊशे फोटो आले होते. प्रत्येकाचं नाव बदलायचं होतं. मी दोन दिवस एकेक करत बसलो, चाळीसपर्यंत पोचलो. ताईंनी येऊन एक ओळ लिहिली, एंटर दाबलं. उरलेले आठशे साठ एका झटक्यात झाले.

मला रडूच यायला लागलं. ताई म्हणाल्या, "तुझ्या चाळीसला मी हात नाय लावला हां. ते तुझेच ठेवलेत."

अशा ताई. मुलीच्या कॉलेजसाठी पुण्याला गेल्या आणि दुकानात नुसती मशीनं उरली.

*

पळसदरीचे कांबळे गुरुजी एकदा बायकोचा मॅक घेऊन आले. बाई जाऊन तीन महिने झाले होते. पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता. ताईंनी केबल लावून तो पेनड्राइव्हसारखा आमच्या मशीनला जोडला, टर्मिनल उघडलं आणि बाईंच्या फायली तारखेप्रमाणे लावल्या. सगळ्यात नवी सगळ्यात वर.

"गुरुजी, शेवटची फाइल हाय. 'यांच्यासाठी' असं नाव दिलंय."

"तारीख काय हाय?"

ताईंनी सांगितली. गुरुजी खुर्चीवर बसले. "त्याच दिवशी नेलं तिला दवाखान्यात. वेळ दिसते काय गं?"

"दुपारी सव्वाचार."

"साडेचारला तिनं मला चहा आणून दिला," गुरुजी म्हणाले. "काय बोलली नाय."

ताईंनी विचारलं, "उघडू?"

"नको. पेनड्राइव्हवर दे. पण ती वेळ हलता कामा नये."

"नाय हलणार. साधी कॉपी केली तर आजची वेळ लागेल. मी जुनीच ठेवते."

त्यानंतर गुरुजी दर महिन्याला यायचे. शर्टाच्या खिशातून पेनड्राइव्ह काढून ताईंच्या हातात द्यायचे.

"बघ गं पोरी, सव्वाचारच हाय ना?"

ताई टर्मिनल उघडून बघायच्या. "सव्वाचारच हाय, गुरुजी."

"बरं," म्हणून ते पेनड्राइव्ह खिशात टाकायचे आणि गाडी गाठायला स्टेशनकडे निघायचे.