वानखेडे सरांची खुर्ची

वानखेडे सरांच्या खुर्चीत बसायचा मान सगळ्यांना मिळत नसे. बी.एस्सी.चा निकाल लागला की मुलं पेढे घेऊन भौतिकशास्त्राच्या त्या अंधाऱ्या खोलीत येत. नोकरी धरणाऱ्याशी सर उभ्याउभ्याच हात मिळवत, "चलो, बढिया" म्हणत आणि पेढा टेबलावर ठेवून देत. पण एम.एस्सी. करणार म्हणणाऱ्याला ते स्वतः उठून आपल्या वेताच्या खुर्चीत बसवत आणि समोर बाकावर बसून त्याचा पेढा खात. पहिल्या वर्षीच मी हे दारातून बघितलं आणि त्या खुर्चीवर माझा जीव जडला.

सर शिकवत सुरेख, ते नाकारण्यात अर्थ नाही. लहरी शिकवताना दाराच्या कडीला दोरी बांधत आणि दुसरं टोक एखाद्या झोपाळू मुलाच्या हातात देत. "अरे भिया, दोरी ताणून धर ना! ढिली सोडली तर लहर जाणार कशी?" वर्ग हसायचा आणि धडा डोक्यात बसायचा. इंदूरभर कोचिंगवाले शिकवतात, पण अशी दोरी मी दुसऱ्या कुणाच्या हातात बघितली नाही.

आमचं घर महूचं. आजोबा फौजेत, बाबा तिथल्याच एका शाळेत कारकून. शिकण्याला आमच्या घरात कुणी कधी नाही म्हटलेलं नाही. पण शेवटच्या वर्षी मला इंदूरच्या एका कंपनीत नोकरी लागली, आणि बाबा तेव्हा निवृत्त व्हायला आले होते. "बेटा, आधी पाय टेकव," ते म्हणाले. "शिकणं नंतर पण होतं." मला काही सुचेना. मी सरांकडे गेले.

"नौकरी कुठे भागून जाते का ग?" सर म्हणाले. "पण एकदा पगाराची आदत लागली ना, मग पुस्तक हातात नाही टिकत. मैंने देखा है. आणि तुझ्यासारखी पोरगी कंपनीत बसून काय करणार? बैठ इथे." ते उठले. मी बसले. महूच्या बसमध्ये सीट मिळाली नाही, तरी मी घरापर्यंत त्या खुर्चीतच बसून गेले. बाबा एका शब्दाने रागावले नाहीत. निवृत्त झाल्यावर त्यांनी एका गोदामात काम धरलं, एवढंच.

मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा सर कँटीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसले. माझ्यासाठी चहा आणि पोहे मागवले, वर सेव जास्त टाकायला लावली.

"तुझी एक बहीण आहे ना, यंदा बी.एस्सी. झालेली? तिला घेऊन ये ग. अ‍ॅडमिशन कमी पडतायत. क्लास बंद झाला तर मी पण बंद."

मला समजेना. मग त्यांनीच सांगितलं, मला ते आधीपासून माहीत असल्यासारखं. सर कॉलेजात कायम नव्हतेच. इतकी वर्षं ते 'अतिथी विद्वान' म्हणून तासांवर शिकवत होते. एम.एस्सी.ला पुरेशी मुलं आली तर वर्ग उघडणार, वर्ग उघडला तर सरांना काम.

"सर, मलाही त्यासाठीच बसवलंत?"

त्यांनी चहा खाली ठेवला. "तुला फिजिक्स आवडत होतं की नाही? मग? मी खोटं काय बोललो?"

ते खोटं बोलले नव्हते, आणि हेच मला आजवर पचलेलं नाही. फसवलं असतं तर सरळ शिव्या तरी घालता आल्या असत्या.

सर गेले ते उन्हाळ्याच्या सुट्टीत. सुट्टीत अतिथी विद्वान हा कॉलेजचा कुणी नसतो, म्हणून शोकसभासुद्धा झाली नाही. अंत्ययात्रेला बहुतेक ते उभ्याउभ्या हात मिळवलेले विद्यार्थी होते, आपापल्या गाड्यांतून आलेले. खुर्चीत बसलेल्यांपैकी मी होते आणि कुठेतरी तासांवर शिकवणारे आणखी काही. जुलैत कॉलेजने सरांच्या जागी मला बोलावलं. अतिथी म्हणूनच. खुर्ची शेवटी मिळाली.

यंदा अ‍ॅडमिशन पुन्हा कमी पडत होत्या आणि फक्त एका नावासाठी एम.एस्सी.चा वर्ग अडला होता. तेवढ्यात शिवानी पेढे घेऊन आली. ती सिमरोलची, माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार. घरात पहिली पदवी तिची. तिला नोकरी लागली होती. ती माझ्याशी बोलत होती, पण डोळे खुर्चीवर होते.

"मॅडम, नौकरी कुठे भागून थोडीच जाते? मी एम.एस्सी. करते ना."

सरांचं वाक्य माझ्याच तोंडून वर्गात पोहोचलं असणार. मी खुर्चीतून उठले नाही.

"इथे एम.एस्सी. करून मी काय झाले, ते तू रोज बघतेस," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी मी असेन की नाही, मलाही माहीत नाही. नोकरी घे. नंतर शिकावंसं वाटलं तर चांगली जागा बघून शीक."

"मला वाटलं, तुम्ही बसायला सांगाल," ती म्हणाली.

वर्ग उघडला नाही. आता यायची गरज नाही, असं कॉलेजने मला फोनवरच कळवलं. खुर्ची तिथेच राहिली, आणि तिचं मला काही वाटत नाही. डोळ्यांसमोरून हलत नाही तो शिवानीचा पडलेला चेहरा. सर, माझाही असाच पडला असता. तेवढा बघायची हिंमत तुम्ही करायला हवी होती.