वरचा थर

तेवीस वर्षं मी औषधांचे रेणू बनवतेय आणि माझा एकही रेणू अजून औषधाच्या दुकानापर्यंत पोचलेला नाही. या धंद्यात त्याची लाज कुणाला वाटत नाही, बहुतेकांचं असंच असतं. पण हे घरी समजावणं अवघड. अप्पांना, म्हणजे वडिलांना, मी ते कधी समजावलंच नाही.

अप्पांचे हात थरथरतात. चामराजपुरमच्या डॉक्टरांनी आठ महिन्यांपूर्वी नव्या गोळ्या लिहून दिल्या, पण अप्पांनी त्या गोळ्यांना हात लावला नाही. मी कंपवातावरच्याच एका रेणूवर काम करतेय असं कधीतरी बोलून गेले होते, तेवढंच धरून ते बसले. "सुम्ने, उगाच कशाला त्या गोळ्या? तुझं औषध येऊ दे, तेच घेतो," म्हणाले. तेव्हाच सांगायला हवं होतं की सगळं सुरळीत झालं तरी आधी जनावरं, मग माणसं, अशी दहा-बारा वर्षं जातात. अप्पा अठ्ठ्याहत्तरचे. मी नुसतं "बघू" म्हणाले.

येलवालच्या पुढे आमची प्रयोगशाळा आहे. तो रेणू बनवायला अकरा पायऱ्या लागत. पहिल्या पायरीला बरणीभर पूड घ्यायची आणि चार महिन्यांनी चमचाभर माल हाती यायचा. तो चमचाभर माल शुक्रवारी जनावरांवरच्या चाचणीला जायचा होता. नाही गेला, तर आमची पाळी दुसऱ्या गटाला मिळणार होती.

बुधवारी मी शेवटच्या पायरीवर होते. खाली तोटी असलेल्या काचेच्या नरसाळ्यात पाणी आणि द्रावक एकत्र हलवायचं, स्थिर झालं की दोन थर होतात. एका थरात आपला माल, दुसऱ्यात कचरा. आमचा नेहमीचा द्रावक पाण्याहून जड, त्यामुळे माल खालच्या थरात. वर्षानुवर्षं मी खालचं ठेवत आले आणि वरचं फेकत आले. पण तो द्रावक अंगाला वाईट म्हणून हल्ली बंद केला होता. नवा द्रावक पाण्याहून हलका, तो वर तरंगतो. हे मला ठाऊक होतं, माझ्या हातांना नव्हतं. मी खालचं फ्लास्कमध्ये घेतलं आणि वरचं सरळ टाकाऊ द्रावकांच्या कॅनमध्ये ओतलं.

फ्लास्कमध्ये ओल शोषणारं मीठ टाकलं, ते सगळं दगडासारखं गोळा होऊन बसलं. आणखी टाकलं, तेही बसलं. तेव्हा कळलं की आपण पाणी सुकवत बसलोय. कॅनमध्ये सकाळपासून सगळ्यांनी काय काय ओतलेलं, त्यात आम्लही. आमचा रेणू आम्लात पाच मिनिटं टिकत नाही.

माल वजनकाट्यावर येईपर्यंत कुठलाही थर टाकायचा नाही, हे मी प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. मी साहेबांच्या खोलीत जाऊन झालं ते सांगितलं. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त फोन उचलला आणि आमची पाळी दुसऱ्या गटाला देऊन टाकली. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. खरं सांगायचं तर हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच मला भीती वाटली.

विजयनगरच्या घरी पोचले तेव्हा ऊन होतं. अप्पा व्हरांड्यात बसले होते. मी चप्पल न काढताच सांगितलं की माल माझ्या हातून गेला. आणि गेला नसता तरी ते औषध तुमच्यापर्यंत पोचणार नव्हतं, तुम्ही डॉक्टरांच्या गोळ्या आजच सुरू करा. आतून गोळी आणि पाणी आणून दिलं. त्यांनी पेला तोंडाला लावेपर्यंत निम्मं पाणी बनियनवर सांडलं. मी बघू-बघू करत होते तेवढ्या काळात ते हात किती बिघडले होते, ते मी तेव्हा पाहिलं.

गोळी गिळून त्यांनी पेला खाली ठेवला.

"हे तुला आधीपासून गोत्तु होतं? ठाऊक होतं?"

मी हो म्हणाले.

"मग सांगितलं का नाहीस, पुट्टी?"

तुमची आशा मोडायची नव्हती, हे उत्तर जिभेवर तयार होतं. पण खोटं बोलण्याएवढं त्राण उरलं नव्हतं.

"माझ्या कामातून काही निघेल असं तुमच्याशिवाय कुणालाच वाटत नव्हतं, अप्पा," मी म्हणाले. "मलासुद्धा."