वापरणाऱ्याची खुर्ची

सरकारी शब्द ठरवणाऱ्या कार्यालयात त्यांना सगळे शब्दमास्तर म्हणत. मास्तरांनी उभ्या नोकरीत एकच क्रांती केली होती. कुठलाही शब्द पक्का करण्याआधी, तो ज्याच्या रोजच्या जगण्यातला आहे अशा माणसाला समोर बसवायचं आणि त्याचं नावगाव टिपून त्याचं ऐकायचं. त्यासाठी एक खुर्चीच राखून ठेवली होती. तिच्यावर नळदुरुस्तीवाला बसून गेला, मधमाश्या पाळणारी बाई बसून गेली. कबरी खणणारे एक गृहस्थ तर इतके रमले, की त्यांना दुसरा चहा पाजून उठवावं लागलं.

मग वरून फर्मान आलं: लिंग आणि लैंगिकतेमुळे अल्पसंख्य असलेल्यांसाठी अधिकृत शब्द ठरवा. साहेबांनी मसुद्यात सगळ्यांना 'तृतीयपंथी' या एकाच गाठोड्यात बांधून टाकलं होतं. कोपऱ्यावरच्या ब्यूटी पार्लरवाल्या ताई खुर्चीत येऊन बसल्या आणि त्यांनी गाठोडं सोडलं.

"जन्माच्या दाखल्यावर काहीही असो, मी बाई आहे. मला पारलिंगी म्हणा. पण पुरुषावर जीव जडलेला पुरुष म्हणजे मी नव्हे हो, साहेब. त्याचं त्याला विचारा."

साहेबांना पटलं. 'पारलिंगी' पक्का झाला. राहिला 'समलिंगी'.

"त्यातला कुणीतरी आणा, मास्तर," साहेब म्हणाले. "नाहीच मिळाला, तर राहू दे गाठोड्यात."

मास्तरांना घाम फुटला. त्यातला कुणीतरी त्यांच्या घरीच होता. म्हणजे तसे दोघे होते.

दुसरा दातांच्या कवळ्या बनवायचा. साऱ्या इमारतीला तो 'मास्तरांचे मावसभाऊ' म्हणून ठाऊक होता. मास्तरांच्या सख्ख्या मावशीनेही, हा मुलगा आपल्याला कधी झाला, असं एका शब्दाने विचारलं नव्हतं.

मावसभावाने नखांत अडकलेलं कवळ्यांच्या साच्याचं मेण काढत सगळं ऐकून घेतलं आणि, मी येतो की, त्यात काय, म्हणाला. मास्तर उखडले. तिथे पत्ता टिपतात, आणि पत्ता दोघांचा एकच. घरमालक दुसऱ्या दिवशी दारात उभा राहील, साहेब केबिनमध्ये बोलावणं बंद करतील.

"मग तूच बस," मावसभाऊ म्हणाला. "तुला तर बसभाडंही पडायचं नाही."

बैठकीच्या दिवशी खुर्ची रिकामी होती. मास्तरांपासून हातभर अंतरावर. टंकलेखक बाई सहज बोलून गेल्या, की मास्तरांच्या मावसभावांना विचारून बघा, त्यांच्या खूप ओळखी असतात. त्या हसत होत्या, पण नेमकं कशाला, ते मास्तरांना कळेना. त्यांनी घाईघाईने सांगितलं, की आपण एकाशी बोललो आहोत. शब्द बरोबर आहे, पण माणूस समोर यायला तयार नाही.

"नाव?"

"देत नाही म्हणतो."

"मग कसं करायचं? नियम तुमचाच आहे, मास्तर," साहेब हळहळत म्हणाले. त्यांनी शब्दावर रेघ मारली आणि पुढचा विषय घेतला.

संध्याकाळी मावसभावाने भात वाढता वाढता विचारलं, काय झालं. मास्तर ताटाकडे बघत म्हणाले, "तुझा शब्द गेला."

वाढणारा हात थांबला.

"माझा एकट्याचा होता होय?"

एका शब्दाला सात पर्याय सुचवणारे मास्तर भात कालवत राहिले. वरण वाढायचं राहिलं होतं, तरी कालवत राहिले.