दाखल्याची मागची बाजू

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, तो शेवटचा अंथरुणाला खिळला तेव्हाही नाही. आणि संगीताला तर नाहीच — जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं. मी चौथी शिकलेली बाई. लिहायला वेळ लागतो. लागू दे.

संगीता माझ्या बहिणीची मुलगी. आज नांदेडला विद्यापीठात शिकवते. मी तिच्याकडेच राहते. सध्या तिथं एक समिती बसली आहे. एका महाराजांच्या संस्थेची मुलींची निवासी शाळा आहे. आता तिथं देतात ते शेवटच्या वर्षाचं प्रमाणपत्र बारावीच्या बरोबरीचं मानून मुलींना बी.ए.ला घ्यायचं का, हा प्रश्न. त्या शाळेत पोथ्या पाठ करून घेतात. विज्ञान नाही, भूगोल नाही; बाहेरचं पुस्तक सापडलं की चुलीत. संगीताला समितीत घेतलं, कारण ती त्याच शाळेतून आलेली. फोनवर ती सांगत असते, "सर, हा कागद कुठं चालत नाही, हे घरच्यांना ठाऊकच नसतं हो. माझ्या मावशीला तरी कुठं ठाऊक होतं?"

मी तेव्हा वरण ढवळत असते. ढवळतच राहते.

भूकंपात माझी बहीण आणि मेहुणे गेले. निलंग्याकडच्या त्यांच्या घरातून एकटी संगीता जिवंत निघाली, अकरा वर्षांची. मी तिला लातूरला आणलं. तिथं माझी खानावळ होती — क्लासला आलेली पोरं दोन्ही वेळा जेवायची. ताटांचा ढीग कोसळला की ही किंचाळत रस्त्यावर पळायची. एकदा माझ्या धाकटीला बखोटीला धरून ओढत नेलं, घर पडतंय म्हणून. जेवणारे हसायचे. मला तिची दया यायला हवी होती ना? आली. आठ दिवस. मग राग यायला लागला. स्पष्टच लिहिते — मला ती घरात नको होती.

म्हणून संस्थेची माणसं अनाथ मुली न्यायला आली, तेव्हा मी लगेच हो म्हणाले.

ती जायच्या आदल्या दिवशी तिच्या गावचे गुरुजी एसटीनं आले. त्यांची शाळा तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये भरायची. संगीताचा पाचवी पासचा दाखला त्यांनी पिशवीतून काढला. "ताई, ती शाळा बोर्डाची न्हाई. तिचा कागद कुठंच चालायचा न्हाई. पोरगी लई हुशार हाय, समजून पाठवा."

"समजलं की."

"समजलं तर सही करा."

त्यांनी दाखल्याच्या मागं लाल शाईनं लिहिलं — संस्था अमान्य असल्याचं पालकाला सांगितलं आहे. खाली मी सही केली. अंगठा नाही, सही. त्याची तेव्हा मला मोठी घमेंड होती.

पाच वर्षांनी संगीता सोनेरी काठाचं प्रमाणपत्र घेऊन आली. अकरावीच्या प्रवेशाच्या खिडकीवरचा कारकून म्हणाला, "बाई, लगीन कुणाचं हाय? पत्रिका छान छापली." मी केवढी ओरडले त्याच्यावर! धर्माची टिंगल करतोस काय, आम्ही फसलो तर आम्हालाच हसतोस काय — रांगेतली माणसं माझ्या बाजूनं झाली. संगीतानं माझा हात धरला. "मावशी, राहू दे. तुला तरी काय ठाऊक." तेव्हा सांगता आलं नसतं का? आलं असतं.

पण खरं वाईट पुढंच आहे. तिला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी द्यायची होती. त्याला जुना दाखला लागतो. मी म्हणाले, मला कुणी दिलाच नाही. तो ट्रंकेत होता, माझ्या लग्नातल्या शालूखाली. काढून दिला असता तर मागची बाजू तिनं वाचली असती. दोन वर्षं तिनं माझ्या खानावळीत ताटं घासली — त्याच ताटांना ती भ्यायची — आणि मी बघत राहिले.

शेवटी ती एकटीच गावी जाऊन रजिस्टरवरून दुसरी प्रत घेऊन आली. त्या प्रतीवर लाल शाई नव्हती. क्लासला जाणाऱ्या एका मुलीनं तिला फरशीवर खडूनं भूमिती शिकवली. ती पास झाली, पुढंही होत गेली. त्यात माझं काही नाही.

आता ती समितीत म्हणते, कागदाला मान्यता नको, पण पोरींना खिडकीवरून परत पाठवू नका. एक वर्ष तयारी करून घ्या, परीक्षा घ्या, मग आत घ्या. बहुतेक जण तयार आहेत म्हणे. त्या शाळेतून निघालेल्या दोघी रोज संध्याकाळी आमच्याकडे येतात. परवा एकीनं विचारलं, "मॅडम, पापानं न्हाई तर मग भुई हलती कशानं?" संगीतानं माझ्या टोपल्यातल्या दोन भाकरी ताटात ठेवल्या आणि एकमेकींवर रेटल्या. कडा उचलल्या, ताट खणकन वाजलं. संगीता दचकली नाही. त्या दोघी हसल्या, मग त्यांनीही रेटून बघितल्या. जेवताना त्या दोन भाकरी मी कुणाला मोडू दिल्या नाहीत.

उद्या बैठक आहे. अहवालात संगीता लिहिणार आहे, पालक अजाण असतात. काही असतीलही. मी अजाण नव्हते. तो दाखला मी तिच्या बैठकीच्या निळ्या फायलीत सगळ्यांत वर ठेवला आहे, मागची बाजू वर करून. शाई जरा विटली आहे. सही मात्र चांगली वाचता येते.