काकीचं जांभूळ आणि माझा जबाब

जांभळाची फांदी दगा देते हे ठाऊक असूनही, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी शेजारच्या काकीच्या जांभळावर चढलो आणि पडलो. उजवा पाय मोडला.

कळंबच्या बाजूच्या आमच्या गावात हे शेंबड्या पोरालाही कळतं. खोडाला धरून राहायचं, फांदीच्या टोकाकडे जायचं नाही. मी गेलो. माझ्या बाजूने एवढंच, की पिकलेली जांभळं तिकडेच होती.

चौथ्या दिवशी काकी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी घेऊन आली. प्लास्टर बघून तिने डोळ्याला पदर लावला.

"उद्या मानूस येतोय. झाड पाडूनच टाकते."

ते झाड काकांनी लावलेलं. काका गेल्यापासून काकी दुपारी त्याच्याच सावलीत बसते, भाजी निवडते, झाडाशी काहीबाही बोलतेही. आणि आता ते माझ्या मूर्खपणापायी जाणार.

मी कर्जतच्या कोर्टात वकिली करतो. उशीला टेकूनच उलटतपासणी सुरू केली.

"काकी, फांदी मोडते हे मला माहीत होतं की नाही?"

"व्हतं."

"मला कुणी वर ढकललं?"

"तुला कोन ढकलील? क्रेन लागंल."

"'उतर' म्हणून तू ओरडलीस की नाही?"

"तीनदा वरडले."

"झालं तर मग! धोका कळत असून माणूस तो राजीखुशीने पत्करतो, तेव्हा कायदा म्हणतो, लागलं तर दुसऱ्याकडे बोट दाखवू नकोस. तू सुटलीस. झाडही सुटलं."

इतका बिनतोड युक्तिवाद मी कोर्टात कधी केलेला नाही. काकी मात्र खाली मान घालून म्हणाली, "उतर म्हनले रं, पन हातातली टोपली काय खाली नाय ठेवली. मलाबी जांभळं हवी व्हती."

चार दिवस ती हे एकटीच गिळत होती तर! यावर माझ्याकडे कलम नव्हतं. मग कुठलाही शहाणा वकील आपल्या अशिलाला देऊ देणार नाही, असा जबाब मी दिला.

"काकी, खरं सांगू? मधल्या फांदीवरच माझे पाय लटपटायला लागले होते. उतरणारच होतो. तेवढ्यात कुंपणापलीकडून आमची ही ओरडली, 'अहो, कुणीतरी यांना उतरवा!' आणि हसली. म्हणून पुढे सरकलो. तुझी टोपली मी पाहिलीसुद्धा नाही गं."

काकीने कमरेला खोचलेला मोबाइल काढून झाड तोडणाऱ्याला फोन लावला.

"उद्या येऊ नको रं. नाय, झाडाला काय बी नाय झालं. वकीलच येडा हाय."